जुन्या मारुती ८०० ला फ्लेअर आणि १३ इंची चाकं: गोव्यातल्या दहा महिन्यांनंतर

गाडी ८६ सालची मारुती ८००, म्हणजे एसबी३०८ हे कंपनीचं मॉडेल. बारा इंची लोखंडी रिम काढून १३ इंची, साडेपाच इंच रुंद अलॉय चढवले, टायर १५५/६५ आर१३, आणि चारही चाकांवर बोल्टने बसवलेले फायबरचे फ्लेअर, म्हणजे चाकाची कमान बाहेर वाढवणाऱ्या कडा. मे ते फेब्रुवारी, साधारण नऊ हजार किलोमीटर. मधे अख्खा पावसाळा, रायबंदर-चोडण फेरीबोटीचे ओले उतार, दोनदा चोर्ला घाट आणि किनाऱ्यालगतची खारी हवा. म्हणून हा अनुभव गोव्यापुरता धरा. कोरड्या गावात यातल्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

बहुतेक जण पहिली चूक क्रमात करतात. फ्लेअर आवडला म्हणून आधी तो आणतात, मग त्याच्या खाली भरेल असं चाक शोधत बसतात. चाक सापडत नाही, मग चाक बाहेर ढकलणारी चकती, म्हणजे स्पेसर येतो, आणि स्पेसर आला की बेअरिंगची रड सुरू होते. आधी चाक ठरवा, ते टायरसकट गाडीला लावून बघा आणि जेवढं बाहेर येईल तेवढाच फ्लेअर करून घ्या.

चाकाचा हिशेब सोपा आहे, पण तो कागदावर मांडावा लागतो. समजा मूळ रिम ४ इंची आणि ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून ती हबवर जिथे बसते तिथपर्यंतचं अंतर, मिमीमध्ये) ४० आहे. रिमची अर्धी रुंदी ५०.८ मिमी. त्यातून ४० वजा केले की रिमची बाहेरची कड हबच्या बसण्याच्या जागेपासून १०.८ मिमी बाहेर येते आणि आतली कड ९०.८ मिमी आत जाते. नवीन रिम साडेपाच इंची, ऑफसेट २० घेतला तर बाहेर ४९.८ आणि आत ८९.८. म्हणजे आतली जागा जवळपास जशीच्या तशी राहिली आणि वाढलेली सगळी रुंदी बाहेर गेली. हेच पाहिजे, कारण आत सस्पेन्शनचा स्ट्रट आहे आणि त्याच्याशी तडजोड होत नाही. आपल्या रिमचा ऑफसेट माहीत नसेल तर रिमवर सरळ पट्टी आडवी धरून बसण्याच्या जागेपर्यंतची खोली मोजा आणि रिमच्या बाह्य रुंदीच्या निम्म्याशी ताडा. टायर पोट काढतो, म्हणून शेवटचं माप टायरच्या भिंतीपासून घ्या. या गाडीत टायरची बाहेरची बाजू सुमारे ३० मिमी बाहेर आली, म्हणून फ्लेअर ४० मिमीचा केला. ७० मिमीचे तयार फ्लेअर फोटोत झकास दिसतात. पण खाली पोकळी राहिली की गाडी काकाचा कोट घातलेल्या पोरासारखी दिसते.

खोल डिशचे, शून्य किंवा उणे ऑफसेटचे अलॉय बाजारात भरपूर आहेत. ८०० ला ते लावू नका. पॉवर स्टीअरिंग नाही आणि चाक जितकं बाहेर तितका प्रत्येक खड्ड्याचा हिसका सरळ हातात येतो. ऑफसेट २० वरसुद्धा पार्किंगमध्ये स्टीअरिंग मुळापेक्षा जड झालं आहे. सातव्या महिन्यात डावं पुढचं बेअरिंग गुणगुणू लागलं आणि बदललं. जुनी गाडी, जुनं बेअरिंग, सगळा दोष चाकावर टाकता येणार नाही, पण वाढलेला ताण आधी दुबळ्या जागीच दिसतो. अलॉय चढवण्याआधीच पुढची बेअरिंग नवीन घातली असती तर ते एक काम वाचलं असतं.

पीसीडी, म्हणजे चाकाचे स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ४ बाय ११४.३ मिमी. चार स्टड असल्यामुळे समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर व्हर्नियरने थेट मोजता येतं. १३ इंचीत आठ भोकांचे, १०० आणि ११४.३ दोन्हीला चालणारे अलॉय सहज मिळतात. चालतात, पण दोन भोकांमधली भिंत पातळ असते, म्हणून वापरलेले घेत असाल तर तिथेच केसासारखा तडा शोधा. रिमच्या मागे जेडब्ल्यूएल हा अलॉयच्या जपानी मानकाचा शिक्का कोरलेला नसेल तर ते रिम परत ठेवा. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग हवीच, नाहीतर सत्तरच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि लोक उगाच पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. स्टड एम१२, म्हणजे १२ मिमी जाड, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. अलॉयचा पाया लोखंडी रिमपेक्षा जाड असतो, त्यामुळे नट कमी आटे धरतो. हाताने मोजून निदान दहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. कमी बसले तर लांब स्टड घाला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

आता टायर. १४५/७० आर१२ चा व्यास ५०७.८ मिमी, १५५/६५ आर१३ चा ५३१.७. म्हणजे ४.७ टक्के मोठा. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६३ च्या जवळ असते. मायलेज उतरलं अशी तक्रार करण्याआधी हेही लक्षात घ्या, की ओडोमीटरचे १०० किलोमीटर आता खरे १०४.७ असतात. १६५/६५ आर१३ स्वस्तात आणि सगळीकडे मिळतो, पण त्याचा व्यास ७ टक्क्यांनी वाढतो आणि ७९६ सीसीचं इंजिन चोर्ल्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमधून वर येत नाही. १५५ वरही तिसरा गिअर पूर्वीपेक्षा लवकर सोडावा लागतो. शिवाय इतक्या हलक्या गाडीला रुंद टायर लावला की पाण्याच्या थरावर तो लवकर तरंगतो. जुलैत हायवेवर, जिथे चाकांच्या खोलगटात पाणी साचतं तिथे, गाडी क्षणभर पोकळ होते. १७५ चा मोह ज्यांना होतो त्यांनी आधी एकदा पावसात चालवून बघावं.

फ्लेअर कशाचा करायचा यावर गॅरेजगणिक वेगळं मत ऐकू येतं. पत्रा वेल्ड करून केलेला सर्वांत देखणा, पण वेल्डच्या मागची बाजू रंगवता येत नाही आणि खाऱ्या हवेत तिथूनच पापुद्रे सुटतात. वर लांबी (पुट्टी) भरलेली असते, त्यामुळे बाहेर फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं. रबराची तयार पट्टी वळणावर लाटांसारखी उचलली जाते. गोव्यात फायबर हाच शहाणपणा, कारण होड्यांना फायबर चढवणारे कारागीर इथे आहेत आणि त्यांना खाऱ्या पाण्यातलं काम शिकवावं लागत नाही. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, म्हणजे सुमारे ३ मिमी जाडी, बाहेरून जेलकोट. बोल्टच्या कडेला चौथा थर सांगून घ्या. तो न दिल्यामुळे मागच्या उजव्या फ्लेअरवर दोन भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आल्या. त्यात बोल्ट जास्त आवळल्याचाही वाटा होता. फायबरला भोक एम५ बोल्टपेक्षा दीड मिमी मोठं ठेवायचं, खाली नायलॉनचा वॉशर द्यायचा आणि हाताला घट्ट लागलं की थांबायचं.

प्रत्येक कमानीला नऊ बोल्ट, दोन बोल्टमधलं अंतर साधारण ९० मिमी. एकूण ३६, पण पन्नास घ्या, काही हरवतातच. ३०४ स्टेनलेसचे गोल डोक्याचे अ‍ॅलन बोल्ट. पॉप रिव्हेट अजिबात नको: बाहेरून अ‍ॅल्युमिनियम दिसतो, पण आत राहिलेला खिळा लोखंडी असतो आणि पहिल्याच पावसात फ्लेअरवरून चहासारखे ओघळ उतरतात. पुढच्या कमानीत आतून हात पोचतो म्हणून सैल न होणारे नायलॉक नट, मागच्या कमानीत रिवनट, म्हणजे बाहेरूनच पत्र्यात दाबून बसवायचे नट. एम५ रिवनटला ७ मिमीचं भोक लागतं. प्रत्येक कापलेल्या कडेला इपॉक्सी प्रायमर लावल्याशिवाय रिवनट बसवू नका.

फ्लेअर आणि बॉडीच्या मधली रबरी पट्टी ही खरी गुन्हेगार ठरली. वरून पाणी अडतं, पण खालच्या टोकाला लाल माती शिरून ओली राहते. ऑगस्टमध्ये एक फ्लेअर काढून पाहिला तेव्हा आत चिखलाचा घट्ट लगदा होता आणि रंगाखाली गंजाचे ठिपके उठायला लागले होते. नंतर पट्टीखाली वरच्या अर्ध्या भागात ब्युटिल टेप दिली, आणि खालची दोन्ही टोकं मुद्दाम १० मिमी उघडी ठेवली म्हणजे पाणी वाहून जातं. फेरीबोटीवरून आल्यावर कमानीत आतून गोड्या पाण्याचा पाईप मारायचा. मांडवीचं पाणी त्या भागात भरतीच्या वेळी खारंच असतं.

कापाकापीबद्दल ठाम मत आहे. पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात, म्हणून दुसरी जोडी मिळवून ती कापा आणि मूळ जोडी कापडात गुंडाळून ठेवा. मागे मात्र आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. त्या रेषेच्या वर ग्राइंडर गेला की दोन्ही पत्रे सुटतात आणि गाडीची ताकद जाते. मागे फक्त कड आत वळवा, हीटगनने रंग गरम करत, हळूहळू. जिथे जुनी लांबी असेल तिथे ती तडकणारच. मागच्या दाराची खालची कड कमानीला येऊन मिळते, तेव्हा फ्लेअर तिथे दोन तुकड्यांत करा आणि भोकं पाडण्याआधी चारही दारं पूर्ण उघडून बघा.

घासतंय का, हे उभ्या गाडीत कळत नाही. कमानीच्या आत मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे चिकटवा, चार माणसं आणि डिकीत तांदळाची दोन पोती टाका, गावातल्या उंच स्पीडब्रेकरवरून दोन-तीनदा जा, मग गोळा किती चेपला ते मोजा. १० मिमीपेक्षा कमी उरलं तर मोठ्या खड्ड्यात घासेल. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही हेच करा, एक पुढचं चाक फळीवर चढवून.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. कलम १८२अ खाली मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं. मूळ मडगार्ड, मूळ रिम आणि बोल्टने सुटणारे फ्लेअर यांचं महत्त्व तिथे कळतं. आणि ज्यांच्याकडे पोर्तुगीज काळातली ओपेल किंवा बीटल आहे त्यांनी हा नाद करूच नये: ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूपात असेल तरच.

चाक बाहेर आल्यामुळे जुना मडफ्लॅप अपुरा पडतो आणि लाल चिखल आरशापर्यंत उडतो. ३ मिमी रबराचा, ४० मिमी जास्त रुंद फ्लॅप कापून घेतला, आता दाराच्या खालच्या भागापुरताच उडतो.

स्टेपनी अजून १२ इंचीच आहे, कारण डिकीखालच्या जागेत १३ इंची बसत नाही. ती पुढे लावायची नाही, व्यासातला फरक डिफरन्शिअलवर येतो. पुढचं पंक्चर झालं तर मागचं अलॉय पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे, म्हणजे दोनदा जॅक लावायचा. अलॉयचे लांब नट लोखंडी रिमला बसत नाहीत, तेव्हा चार मूळ नट एका डबीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.