१०० एमबीपीएस फायबर, आठ महिन्यांनंतर: स्पीड पूर्ण, मग लॅग कुठून?

जुळे सोलापूर, दोन मजली घर, स्थानिक केबलवाल्यामार्फत आलेलं फायबर. डाउनलोड १००, अपलोड ३०, आणि कंपनीनेच बसवलेला वायफायवाला डबा, म्हणजे ओएनटी. आठ महिन्यांत स्पीड टेस्ट क्वचितच ९० च्या खाली गेली, त्यामुळे स्पीडबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस अर्धं वाक्य गिळतो आणि गेममध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, ३०० मिलिसेकंदांच्या वर उडी मारतो. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: “सर, स्पीड तर बरोबर दाखवतंय.” ते खोटं नाही. नळाला धार किती मोठी हा स्पीड. तोटी उघडल्यावर पहिला थेंब किती वेळाने पडला ही लेटन्सी. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा फरक जास्त समजावून सांगायला नको.

आधी हे ठरवायचं की उशीर नेमका कुठल्या टप्प्यात होतोय. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडून तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवायचे, थांबू नयेत म्हणून शेवटी ‘-टी’ लावून. पहिला घरच्या राउटरला, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१. दुसरा कंपनीच्या पहिल्या हॉपला, म्हणजे घराबाहेरच्या पहिल्या यंत्राला. ट्रेसर्ट (वाटेतली यंत्रं ओळीने दाखवणारी कमांड) चालवलं की दुसऱ्या ओळीत जो पत्ता दिसतो तो. तिसरा गूगलच्या ८.८.८.८ ला. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी दहा मिनिटं, एकदा वायफायवर आणि एकदा वायर लावून. पहिलाच आकडा नाचत असेल तर दोष वायफायचा. पहिला शांत आणि दुसरा नाचतोय, तर फायबरची लाइन खराब आहे किंवा घरातलंच कुणीतरी अपलोड भरून टाकलंय. दोन्ही शांत असून तिसरा नाचत असेल, तरच कंपनीच्या पुढच्या रस्त्यावर बोट ठेवता येतं.

अपेक्षाही जागेवर हवी. फायबरमध्ये प्रकाशाला १००० किलोमीटर जायला ५ मिलिसेकंद लागतात. मुंबई ४०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ४. मधली यंत्रं धरून १० ते १५ आलं तर उत्तम समजावं. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर साडेतीन हजार किलोमीटर. तार नाकासमोर सरळ टाकली तरी ३५ लागणारच, आणि समुद्राखालची केबल सरळ जात नाही. तिथे ६०-७० दिसत असेल तर प्लॅन वाढवून एक मिलिसेकंदही कमी होणार नाही. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलूनही गेमचा पिंग हलत नाही. फार तर वेबसाइट पहिल्यांदा उघडताना थोडा फरक पडतो.

या घरात पहिला गुन्हेगार वायफायच निघाला. वायरवर राउटरचा पिंग १ च्या आत; वरच्या खोलीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झवर ३, ४, मग एकदम ८०, १५०, परत ४. ओएनटी जिन्याखाली होता आणि मध्ये स्लॅब, त्यावर माळ्यावरची पाण्याची टाकी. पाणी वायफाय लहरी चांगल्याच शोषतं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी त्यातच. चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्‌झ केली, चॅनल हाताने ठरवलं, तेव्हा थोडा फरक पडला. खरा फरक वरच्या मजल्यापर्यंत २० मीटर कॅट-सिक्स (नेटवर्कची) वायर ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, ५ गिगाहर्ट्‌झवर लावल्यावर पडला. वायर घेताना दुकानदाराला ‘सीसीए आहे का’ असं थेट विचारावं. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. पूर्ण तांब्याचीच वायर घ्यायची.

तरीही रात्रीचे ३०० राहिलेच. सगळे फोन नऊच्या सुमारास चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो बॅकअपला जायला लागतात. ३० चं अपलोड भरलं की डेटाची पुढची पाकिटं ओएनटीच्या आत रांगेत उभी राहतात. एक मेगाबाइटची रांग साठली तर ३० एमबीपीएसने ती उपसायला २६७ मिलिसेकंद जातात. यालाच बफरब्लोट म्हणतात. तपासायला सोपं: पिंग चालू ठेवून फोनवरून मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा आणि आकडा बघा.

फुकटचा उपाय म्हणजे बॅकअपची वेळ बदलणे. पक्का उपाय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर आणि त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग लहान ठेवणारी सोय; तिचा प्रकार ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’. इथे डाउनलोड ९० आणि अपलोड २७ लावलंय, खऱ्या वेगाच्या ९० टक्के. हे आकडे खऱ्या वेगापेक्षा जास्त टाकले तर एसक्यूएम शोभेपुरतं उरतं, कारण रांग पुन्हा कंपनीच्याच डब्यात साठते. ओएनटी ब्रिज मोडवर टाकावा लागतो, म्हणजे राउटरचं काम आपला राउटर करतो आणि ओएनटी फक्त लाइन पुढे देतो. त्यासाठी पीपीपीओई (कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि लाइनचा व्हीलॅन नंबर कंपनीकडून आधीच लिहून घ्यावा, नाहीतर मध्येच नेट बंद करून बसावं लागतं. आता पूर्ण अपलोड चालू असतानाही मुंबईचा पिंग २५ च्या आसपास राहतो. स्पीड टेस्ट थोडी कमी दाखवते, दाखवू दे.

पावसाळ्यात वेगळाच प्रकार झाला. वायर लावूनही दुसऱ्या पिंगला मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच आलं नाही, असं येऊ लागलं. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघितली तर बसवताना उणे १९ होती, आता उणे २६, म्हणजे प्रकाश बराच कमी. जीपॉन (घरोघरच्या फायबरची पद्धत) च्या नेहमीच्या बी-प्लस ऑप्टिक्सची हद्द उणे २७ डीबीएम (या ताकदीचं माप). हद्दीजवळ पाकिटं गळतात, पुन्हा पाठवली जातात, आणि वापरणाऱ्याला तो लॅग वाटतो. सिग्नल तुटल्याचा लाल एलओएस दिवा लागायची वाट बघू नये. खिडकीच्या चौकटीत वायर चेपली होती आणि खांबावरच्या जोडात पाणी गेलं होतं. साध्या फायबरचं वेटोळं ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नये, आणि हिरव्या कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नये. जोड नव्याने केल्यावर उणे २०.

कंपनीचा दोष म्हणावा असा प्रसंग एकदाच आला: रात्री ९ ते ११, वायरवर, घरात दुसरं काही चालू नसताना, आणि सकाळी मात्र सगळं साफ. ट्रेसर्ट वाचताना एक फसगत होते. मधल्याच एका हॉपला २०० दिसतं आणि पुढच्यांना २० असेल, तर तो दोष नव्हे. ते यंत्र पिंगला उत्तर द्यायला आळस करतं इतकंच. वाढलेला आकडा शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा. तीन रात्री आणि तीन सकाळचे स्क्रीनशॉट वेळेसकट पाठवल्यावर तक्रार वरच्या टीमकडे गेली आणि आठवड्यात रस्ता मोकळा झाला. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलं असतं तर पुन्हा ‘राउटर बंद-चालू करा’ ऐकावं लागलं असतं.

मागच्या खोलीतला टीव्ही अजून २.४ वरच आहे. तो दहा-वीस सेकंदांचं पुढचं आधीच ओढून ठेवतो, त्यामुळे त्याच्यासाठी वायर ओढायची गरज पडली नाही.