मालवणच्या स्कूबा पॅकेजमध्ये 14,994 रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेला महिनाभर घरात तो रोज ऐकतोय. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. 'पैसे पाठवण्याआधी नाव तपासा' हा कागद काउंटरच्या काचेवर मीच चिकटवलाय. हसा.

नाताळची सुट्टी. आम्ही चौघं, मेहुणी आणि साडू, इचलकरंजीहून मालवण. मोबाईलवर जाहिरात दिसली: सात अ‍ॅक्टिव्हिटी, माणशी 1,999, स्कूबाचा व्हिडिओ फ्री. फोन लावला तर पलीकडचा अस्सल मालवणीत, "काय एक टेन्शन घेव नकात, सगळा होतला." मालवणी बोलतोय म्हणजे गावचाच असणार, असं मीच ठरवून टाकलं. सहा जणांचे 11,994. निम्मे आधी, म्हणजे सरळ 6,000 पाठवा म्हणाला.

क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. ना त्याचं, ना त्या वॉटर स्पोर्ट्सचं. बोट थांबलं माझं, खोटं कशाला सांगू. पण आमच्याकडे निम्म्या दुकानदारांची खाती बायकोच्या नावावर असतात, रोज बघतो. वर साडू शेजारून, "टाका की लवकर, नाताळात रेट वाढतात." टाकले. ते नाव अजून डोळ्यांसमोरून जात नाही. गिऱ्हाईक असतं तर मी त्याला काउंटरवरच झापलं असतं.

तारकर्लीला पोचलो तर फोनवरचा माणूस नाहीच. एक पोरगा आला, उरलेले 5,994 रोख घेतले, कोऱ्या कागदावर नुसता शिक्का मारून दिला. परवाना क्रमांक नाही, पत्ता नाही. "आधी एक फोटो काढूया" म्हणाला, आणि आम्ही सहाही जणांनी अंगठे वर केले.

पॅरासेलिंग? "आज वारो खूप आसा." पैसे परत? "ता पॅकेजात नाय." जेट स्की एक गिरकी, मुलाने मोजली, चाळीस सेकंद. सातातल्या चार झाल्या. स्कूबाला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जायचं तर होडीचे माणशी 200 वेगळे, म्हणजे 1,200. फ्री व्हिडिओ म्हणजे काठावरून मोबाईलवर काढलेला. पाण्याखालचा हवा तर माणशी 300, आणखी 1,800. पोरं पोशाख चढवून उभी असताना नाही कोण म्हणणार?

माझ्या मुलीच्या लाईफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, निळ्या नायलॉनच्या दोरीने गाठ मारलेली. 2022 च्या मे महिन्यात याच किनाऱ्यावर स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. हे मला माहीत होतं. तरी मी गाठ घट्ट करून दिली. पैशांपेक्षा याची लाज जास्त वाटते.

पाणी गढूळ, उभं राहिलो तर छातीपर्यंत. गाईडने पाठीवरचा सिलिंडर धरून मान खाली दाबली, पावाचा चुरा टाकला, चार मासे आले, झालं. रात्री व्हिडिओ आला तर निळंशार पाणी, पोवळी! मुलगी म्हणाली, "बाबा, यातल्या कुणाच्याच हातात माझं कडं नाही." दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ 1,800 ला विकला. सकाळी हॉटेलजवळच्या एका होडीवाल्याला दाखवला तर तो हळहळला, "तुमका फसवल्यान ओ." सगळा किनारा तसा नाही, हेही लिहायला हवं.

चौकीत गेलो. "पैसे तुम्हीच दिले ना? राईड पण केली ना? मग फसवणूक कसली?" बंदराच्या कार्यालयात सुट्टी. त्यासाठी एक मुक्काम वाढवला, 2,200 रुपये, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतात, पावतीवर परवाना क्रमांक कुठाय? म्हटलं, परवानाच नसेल तर क्रमांक कुठून येणार? "मग आमच्याकडे नोंदच नाही, कारवाई कुणावर करणार?" म्हणजे परवाना काढणाऱ्याला नियम आणि न काढणाऱ्याला मोकळं रान! घरी येऊन इकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर गुन्हा तिकडे घडला, तक्रार तिकडे द्या. तिकडे फोन केला तर पैसे इकडून गेले, इकडे द्या. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, असं म्हणून बघितलं. हवालदाराने चहा मागवला, स्वतःसाठी.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, मी पाचव्या दिवशी फोन केला. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे पुढे सरकायच्या आत. तारकर्लीत एमटीडीसीचं, म्हणजे सरकारी पर्यटन महामंडळाचं, स्कूबा केंद्र आहे, निदान तिथे जाऊन दर आणि पद्धत विचारा, मग कुणाशी बोला. आगाऊ पैसे नाहीत म्हणजे नाहीत. कोण काय देणार ते कागदावर, परवाना क्रमांकासकट. तुटकं जॅकेट दिसलं की होडीतून उतरा, पैसे बुडाले तरी.

परवा साडूने त्या पेजची लिंक पाठवली. आमचा अंगठे वर केलेला फोटो, खाली 'हॅपी फॅमिली फ्रॉम इचलकरंजी'. मी खाली खरं काय ते लिहिलं. दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं. फोटो अजून तिथेच आहे.