काळ्या मातीसाठी ऑल-टेरेन टायर: थारच्या टायरांचा आणि जोडसामानाचा परखड आढावा

मराठवाड्यात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेणाऱ्याने टायर निवडताना लडाखच्या खिंडी आणि राजस्थानची वाळू बाजूला ठेवून आधी आपल्या शिवाराकडे पाहावे. आमची महिंद्रा थार 2020 साली आलेल्या पिढीतली, 16 इंची लोखंडी रिमची आहे. गेवराई-माजलगाव पट्ट्यातील ऊस-कापसाची शेती, गोदाकाठचे पाणंद रस्ते आणि कामानिमित्त धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगरची ये-जा, असा तिचा वापर आहे. मूळचे टायर झिजल्यावर तिच्यावर कंपनीच्याच मापाचे, पण मजबूत बाजूचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे, टायर बसवले. हा आढावा त्या टायरांचा आणि त्यांच्या निमित्ताने पारखलेल्या जोडसामानाचा आहे. टायरच्या कंपनीपेक्षा प्रकार, माप आणि बांधणी यांचेच महत्त्व अधिक असल्यामुळे भर त्यावर ठेवला आहे.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि टायरच्या खाचांत असे घट्ट बसतात की दोन-चार फेऱ्यांतच नक्षी दिसेनाशी होते. खाच बुजली की महागडा टायर आणि झिजून गुळगुळीत झालेला टायर यांत फारसे अंतर उरत नाही. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठी केलेल्या, टायरच्या खाचा रुंद असतात, चाक वेगाने फिरले की त्यांतून चिखल फेकला जातो आणि पकड परत येते, हे खरेच आहे. तथापि सलग झडीनंतर जिथे ट्रॅक्टरलासुद्धा लोखंडी केज व्हील लावावे लागते, त्या रानात मड-टेरेन टायरची गाडीही फसतेच. मग उरलेले वर्षभर डांबरावर त्याची घरघर, ओल्या रस्त्यावर लांबणारे ब्रेक आणि लवकर होणारी झीज सोसण्यात काय हशील आहे? वाफसा आलेले रान, मुरमाचा रस्ता, ओढ्याची वाळू आणि हलक्या पावसानंतरची पाणंद एवढे आवाक्यात असले की आपल्याकडचा नव्वद टक्के प्रश्न सुटतो, आणि तेवढे ऑल-टेरेन टायर व्यवस्थित करतो.

आमच्या टायरांची चिखलातील वागणूक जवळून पाहण्यासारखी आहे. आधी मधल्या बारीक खाचा बुजतात, कडेचे मोठे ठोकळे मात्र बराच वेळ मोकळे राहतात, आणि गाडी चाकोरीच्या कडेला घासत त्यांच्याच जोरावर पुढे सरकते. लो-रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्हच्या टप्प्यात) पहिल्या गिअरऐवजी दुसरा गिअर ठेवला तर चाकाला माती झटकण्याइतका वेग मिळतो. पहिल्या गिअरमध्ये चाक जागच्या जागी खड्डा करते. हवा 20 पीएसआयच्या आसपास उतरवली की टायरचा जमिनीवर टेकणारा भाग लांबट होतो आणि फरक लगेच जाणवतो. मात्र साध्या रिमवर 15 च्या खाली जाऊ नये, वळणावर टायर रिमवरून निसटण्याची भीती असते.

चिखलाचे दिवस मोजके, काटे मात्र बारमाही. कापूस निघाल्यावर विळ्याने तिरपी छाटलेली पऱ्हाटीची धसकटे जमिनीतून बोटभर वर उभी राहतात. ती वाळून इतकी कठीण होतात की टायरच्या बाजूला टेकली तर आरपार जाण्याची ताकद ठेवतात. तुरीचे खुंट त्याहून वाईट, आणि बांधावरच्या वेड्या बाभळीबद्दल शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नक्षीच्या भागातले पंक्चर निघते, बाजूला भोक पडले की टायर भंगारात जातो. म्हणून आपल्याकडे टायरच्या नक्षीपेक्षा त्याची बाजू आधी पाहिली पाहिजे. दुकानात अंगठ्याने दाबून काही कळत नाही. टायरवर बारीक अक्षरांत नक्षीखाली किती थर आणि बाजूला किती थर हे छापलेले असते, ते वाचावे. बीएफ गुडरिचच्या केओ2 या टायरचा बोलबाला आहे तो बाजूच्या तीन थरांमुळेच. बहुतेक साध्या टायरांना तिथे एक किंवा दोन थर असतात. एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाड्यांच्या) प्रकारचा टायर जाडजूड मिळतो, पण तो जड असतो, रिकाम्या गाडीत कडक लागतो आणि त्याला हवाही जास्त लागते. शेतातून रोज गाडी नेणाऱ्याने हा कडकपणा खुशाल पत्करावा, शहरात राहून सणावाराला गावी येणाऱ्याने मुळीच पत्करू नये.

मापाच्या बाबतीत दुकानदारांचा सल्ला जपून ऐकावा. थारला कंपनीकडून 245/75 आर16 आणि 255/65 आर18 अशी दोन मापे मिळाली (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिम इंचांत). पहिल्याचा व्यास सुमारे 774 मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे 789 मिलिमीटर भरतो. पण रिमपासून जमिनीपर्यंतची रबरी भिंत 16 इंचीत जवळपास 184, तर 18 इंचीत केवळ 166 मिलिमीटर आहे. काळ्या दगडाच्या खडीवर आणि बालाघाटातल्या धोंड्यांवर ही जादा भिंतच रिम वाचवते. शिवाय लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, मिश्रधातूची तडकते. हौशी मंडळी 265/75 आर16 बसवतात. त्याचा व्यास सुमारे 804 होतो, म्हणजे गाडी प्रत्यक्षात उचलली जाते ती फक्त 15 मिलिमीटर. त्या बदल्यात स्पीडोमीटर चार टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवतो, इंजिनावर ओढ वाढते आणि पूर्ण वळणावर टायर घासण्याची शक्यता निर्माण होते. मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलेला आहे. अपघातानंतर विमा कंपनीशी हुज्जत घालण्याची हौस नसेल तर कंपनीने मान्य केलेल्या मापातच राहावे.

डांबरी रस्त्यावर तक्रारीला थोडी जागा आहे. ताशी 80 किलोमीटरच्या पुढे एकसुरी गुणगुण सुरू होते, मायलेज थोडे घटते आणि पावसात ब्रेक लावताना साध्या टायरपेक्षा अंतर जास्त ठेवावे लागते. समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मर्यादा आहे. ऑल-टेरेन टायरवर बहुधा क्यू, आर किंवा एस हे वेगाचे अक्षर असते, म्हणजे अनुक्रमे ताशी 160, 170 आणि 180 किलोमीटरपर्यंत, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. अडचण आणते ती कमी हवा. शेतात उतरवलेली हवा परत न भरता मे महिन्याच्या उन्हात काँक्रीटवर गाडी पळवली तर टायरची बाजू सतत दुमडून तापते आणि फुटते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी, आणि दुपारी काटा वर गेलेला दिसला म्हणून काढून टाकू नये.

टायर आम्ही छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरील एका दुकानातून घेतले. कारागिरांनी नट आडव्या-तिडव्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळले, बॅलन्सिंग व अलाइनमेंट नीट केले, व्हॉल्व्ह न सांगता नवे बसवले. एवढे काम कोणी मन लावून केले की पैसे देताना जड जात नाही. काउंटरवर मात्र डोळे उघडे ठेवावे लागले, कारण समोर आलेल्या पाच टायरांपैकी दोन इतरांपेक्षा बरेच जुने निघाले. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. ते दाखवून दिल्यावर टायर कुरकुर न करता बदलून मिळाले. गुडइयरचा कारखाना वाळूजला आहे, ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रांचे टायर करणाऱ्या बीकेटीचाही तेथेच आहे. म्हणून संभाजीनगरात भाव उतरलेला असेल, अशी आशा मात्र कोणी धरू नये.

टायरनंतर पहिला खर्च हवा भरण्याच्या पंपावर करावा, कारण पंप नसलेला माणूस हवा उतरवायला कचरतो आणि मग टायरचा निम्मा गुण वाया जातो. बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा घ्यावा, सिगारेट सॉकेटवरचे छोटे पंप मोठ्या टायरपुढे धापा टाकतात. त्याच्या जोडीला जॅकखाली ठेवायला हात-दीड हात लांबीची जाड सागवानी फळी असू द्यावी. ओल्या रानात फळीशिवाय जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो.

दुसरा खर्च चांगल्या दोरावर आणि शॅकलवर (दोर अडकवण्याच्या मजबूत कडीवर). आपल्याकडे फसलेली गाडी अखेर ट्रॅक्टरच काढतो, आणि चालकाची साखळी सवयीने एक्सलला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला पडते. त्याला चासीचा हूक दाखवला तर, “दादा, हूक उपटून हातात आला तर मला बोलायचं न्हाई,” असे उत्तर मिळते. तरीही हुकालाच बांधायला लावावे. स्टिअरिंगचा दांडा वाकला तर गाडी चिखलातून निघते आणि गॅरेजात अडकते.

इंजिनाखालची जाड संरक्षक पट्टी धोंड्यांच्या वाटेवर राहणाऱ्याने जरूर बसवावी. विंच (तार गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र) चांगली वस्तू आहे, पण तिची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट तरी हवी, पुढच्या धुऱ्यावर तिचे ओझे कायमचे बसते, आणि आपल्या मोकळ्या रानात तार बांधायला मजबूत झाड सापडेलच असे नाही. लिफ्ट किटची गरज आम्हाला भासली नाही. 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या गाडीला आणखी उचलून शाफ्टचे कोन बिघडवण्यात अर्थ नाही. गाडीच्या तोंडाशी लावायच्या लोखंडी बुल बारवर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरमध्येच कारवाईचे आदेश दिले आहेत, त्यामुळे तो विषय संपला. स्नॉर्कलबद्दल (इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीबद्दल) एवढेच सांगता येईल की थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने 650 मिलिमीटर दिली आहे, आणि सिंदफणेला पूर आला असताना नळकांडी पुलावरून जाणाऱ्या गाडीला धोका इंजिनात पाणी शिरण्याचा नसून गाडीच वाहून जाण्याचा असतो.

मारुतीची जिमनी बाळगणाऱ्यांनी 195/80 आर15 वरून 215/75 आर15 वर जाताना व्यासात केवळ दहा-अकरा मिलिमीटरची भर पडते हे लक्षात घेऊन निर्णय करावा. तिथेही उंचीपेक्षा मजबूत बाजूसाठीच पैसे मोजणे शहाणपणाचे आहे. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी सोय) कंपनीकडूनच मिळत असल्याने त्या गाडीवर टायर सोडून फार काही करावे लागत नाही. खरेदी चार टायरांची न करता पाचांची करावी आणि स्टेपनीसुद्धा अदलाबदलीत फिरवत राहावी, कारण फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) चालणाऱ्या गाडीला एका चाकावर कमी-जास्त झिजलेला टायर ट्रान्सफर केसपर्यंत (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीपर्यंत) त्रास देतो.