गच्चीवरचं सोलर: काम झकास, बोलणं जास्त

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवून एक पावसाळा काढला, म्हणून आता लिहिते. एजन्सीचं नाव देत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

आधी चांगलं. बसवायला आलेली पोरं कामाला चोख. सासूबाईंनी त्यांना जिन्यातच अडवलं होतं, "माझी मिरची कुठं वाळवायची तेवढं सांगा, मग काय ते बसवा." चटणीच्या सीझनला आमची गच्ची ब्याडगी आणि जवारी मिरचीनं लाल असते. मग पॅनेल ज्यावर बसतात ते स्ट्रक्चर उंच घेतलं, खालून ताठ चालता येईल एवढं. त्याचे पैसे जादा लागले. पण पॅनेलखाली सावली, तिथं मिरची वाळणार कशी? पोरानं मुकाट्यानं टेप काढला, पुन्हा मापं घेतली आणि सगळं पश्चिमेच्या कडेला सरकवलं. आता त्या कडेला शेजाऱ्यांच्या नारळाची सावली येते. पॅनेल एकाला एक जोडलेले, त्यामुळं झावळीची सावली एकावर पडली तरी सगळी ओळ ढेपाळते. मोबाइलवर चारनंतर आलेख धाडकन खाली. शेजाऱ्यांशी बोलणी सासूबाईच करताहेत.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात आलं. ते घरगुती मीटरलाच मिळतं, खालच्या आमच्या दुकानाच्या मीटरला नाही.

आता विक्रीवाल्याबद्दल. "बिल शून्य" म्हणाला. वापराचं बिल जवळपास गेलं हे खरं, पण महावितरणचा स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो लागणारी ठरावीक रक्कम, भरावाच लागतो. त्याहून मोठी थाप दुसरी. २०१९ च्या पुरात हायवे बंद, पेट्रोल मिळेना, लाइट नाही, हे सगळं भोगलेलं. म्हणून मी मुद्दाम विचारलं, लाइट गेल्यावर हे चालेल का? "काळजीच सोडा वहिनी!" चालत नाही. लाइट गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, घरातला बॅटरीवाला नव्हे) आपोआप बंद होतो, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसेल. लाइट गेल्यावरही हवी असेल तर बॅटरी आणि तिच्यासोबत चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च वेगळा. हे मला फिटिंगवाल्या पोरानं सांगितलं, तेही चहा पिता पिता.

चैत्रात दिवसाला बारा-तेरा युनिट पडतात. आषाढात कोल्हापूरचा पाऊस लागला की तीन-चारवर समाधान मानायचं. आपण घेतलेली आणि महावितरणला दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरवर उन्हाळ्यातली जादा युनिटं पुढच्या बिलात वळती होतात, पण मार्चअखेर हिशेब मिटतो, त्यामुळं पावसाळ्यासाठी साठा फक्त एप्रिल-मेचा. माझी इलेक्ट्रिक स्कूटर यावरच चालते. फुल चार्जला तीनेक युनिट जातात. पेट्रोल पंपाची वाट मी विसरलेय.

धूळ बसली की उत्पादन घटतं. पॅनेल सकाळी लवकर, गार असतानाच धुवायचे. एजन्सीनं वर्षभर फुकट धुऊन देतो म्हटलं होतं. एकदा आले, नंतर फोन उचलत नाहीत. पाइप घेऊन आमचे हेच वर चढतात.

फिटिंगला पाच तारे, विक्रीला दोन.