आरएक्स १००: कार्बोरेटर किट बसवून आठ महिने

यामाहाच्या आरएक्स १०० या मोटारसायकलचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. तिच्या मिकुनी व्हीएम २० कार्बोरेटरचं (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दुखणं ठरलेलं: रात्रभर उभी राहिली की खाली पेट्रोलचा डाग आणि सकाळी ओला प्लग. पुण्याच्या नाना पेठेत मिळणारं एक लोकल रिपेअर किट बसवून आठ महिने झाले. त्यातलं काय टिकलं आणि किटने न सुटणारं काय होतं, ते सविस्तर लिहितो.

किट आणण्याआधी थेंब नेमका कुठून पडतोय ते शोधा. इंजिन थंड, गाडी मोकळ्या हवेत, चावी बंद. कार्बोरेटर कोरडा पुसा, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू करा आणि दहा मिनिटं टॉर्च घेऊन बघत बसा. ओव्हरफ्लो पाइपातून (जादा पेट्रोल बाहेर सोडणारी नळी) येत असेल तर दोष निडल-सीटचा (पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक) किंवा फ्लोटचा (पातळीप्रमाणे सुई वरखाली करणारा तरंगता भाग). बाउलच्या (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) जोडावर ओल आली तर पॅकिंग. ड्रेन स्क्रूला थेंब लटकला तर त्याचा वायसर. नळीच्या टोकाशी असेल तर नळी कडक झाली आहे, ती पूर्ण बदला. आणि कॉक बंद ठेवूनही रात्रभर गळत असेल तर दोष दोन आहेत. कॉक नीट बंद होत असता तर बाउलमधलं पेट्रोल संपल्यावर गळती आपोआप थांबली असती.

बाउलचे स्क्रू जुने आणि मऊ असतात. डोक्यात घट्ट बसणारा पेचकस वापरा, नाहीतर खाच झिजते आणि साधं काम लेथवर जातं.

किटमधले जेट (ठरलेलं पेट्रोल सोडणारे बारीक छिद्राचे पितळी भाग) मी वापरले नाहीत, तुम्हीही वापरू नका. नंबर बरोबर कोरलेला असला तरी छिद्र त्याच मापाचं असेल याची खात्री नसते. मूळचे जेट कार्बोरेटर क्लीनरने धुऊन हवेने साफ करा. तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं.

किटचे पैसे वसूल होतात ते निडल आणि सीटमध्ये. जुन्या निडलच्या टोकावरून नख फिरवा. डोळ्यांना नुसती करडी रेघ दिसते, पण नख तिथे अडकतं. तेवढ्या खाचेतून रात्रभरात टाकी उतरते. मात्र निडल एकटी बदलू नका. झिजलेल्या सीटवर नवी निडल काही आठवडे धरते, मग पुन्हा तेच. या कार्बोरेटरची सीट आट्यांची असते आणि तिच्याखाली पातळ वायसर असतो. बहुतेकांची चूक इथेच होते. जुना वायसर बॉडीला चिकटून राहतो आणि त्यावर नवा चढतो. मग सीट खाली येते, पेट्रोलची पातळी घटते आणि गाडी वरच्या वेगात उपाशी पडते. वायसर विसरला तर पातळी चढते, वर आट्यांतूनही पेट्रोल झिरपतं. त्यामुळे सीट काढल्यावर आत टॉर्च मारून बघायचंच.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो जड झालाय, बदला. पातळी लावताना फ्लोटची पट्टी निडलला जेमतेम टेकलेली हवी, स्प्रिंग दाबलेली नको. माप सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे, पॅकिंगच्या पृष्ठभागापासून. बाउल लावण्याआधी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोटीत हलकी फुंकर मारा. हवा अडली पाहिजे. सुलटा केला की सुटली पाहिजे. दोन मिनिटांची ही तपासणी अर्ध्या दिवसाची उघडझाप वाचवते.

जोडावर सिलिकॉन लावू नका. पेट्रोलने ते फुगतं, त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. बाउलचा काठ वाकला असेल तर सपाट काचेवर ६०० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून घासा, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

पहिले तीन महिने थेंबही नाही. ऐन पावसाळ्यात, चौथ्या महिन्यात, ओव्हरफ्लो परत आला. उघडलं तर निडलवर झीज नव्हती, सीटमध्ये गंजाचे तपकिरी कण होते. दोष किटचा नव्हता, टाकीचा होता. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरून ठेवतं, आणि अर्धी रिकामी टाकी आतून गंजते. टाकी उतरवून धुतली, पूर्ण वाळवली, कॉकची जाळी साफ केली. नळीत फिल्टर टाकायचा तर मोकळा, मोठ्या जाळीचा घ्या. या गाडीत पेट्रोल ढकलायला पंप नसतो, ते टाकीतून आपल्या वजनानेच खाली येतं. बारीक कागदी फिल्टरने गाडी चढावर अडते.

त्यानंतर चार महिने कोरडे गेले, साइड स्टँडवर आणि सोसायटीच्या उतारावरसुद्धा. फक्त साइड स्टँडवर गळत असेल तर पातळी काठावर आहे असं समजा. निडलला दोष देण्याआधी माप पुन्हा घ्या.

आठव्या महिन्यात पाहणीसाठी बाउल उतरवला. निडल ठीक. पॅकिंग मात्र फुगून लांब झालं होतं, खाचेत बसेना, एक टोक बाहेर यायचं. दिवसभर उन्हात वाळवल्यावर आकसलं आणि बसलं, पण हे तात्पुरतं. किटमधलं हेच सर्वात कच्चं. किट घेतानाच व्हिटॉनचं (पेट्रोलला टिकणारं रबर) पॅकिंग वेगळं मागून घ्या आणि एक जास्तीचं ठेवा.