अर्ज टायपिंगवाले नाना, अमळनेर : ४ स्टार (एक का कापला ते खाली वाचा)

दुकानाला धड नाव नाहीये, बोर्डावर नुसतं झेरॉक्स-टायपिंग-लॅमिनेशन एवढंच, म्हणून नावावरून शोधत बसू नका, कोर्टाकडे जाताना कोणालाही विचारा अर्जवाले नाना कुठे बसतात, सांगतील. मी आमच्या बचत गटाची सचिव आहे, त्यामुळे अर्ज-निवेदनं माझ्याच गळ्यात पडतात.

झालं असं की आमच्या गावची सकाळची एसटी वीस मिनिटं आधी सुटावी म्हणून आम्हाला निवेदनं द्यायची होती, कॉलेजचा पहिला तास रोज बुडतो पोरींचा. आणि पाचवी ते बारावीच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट, २०२३ पासून आम्हा बायकांना तिकीट अर्धं, मग रिक्षाला रोजचे पैसे कोण घालणार, सगळी मदार एसटीवरच. तर मी दुसऱ्या एका ठिकाणाहून एक नमुना टाईप करून आणला, ४१ झेरॉक्स काढल्या, घरोघर वाटल्या, म्हटलं सही करा नि द्या. सह्या झाल्या. ऑफिसात गठ्ठा दिल्यावर तिथल्या साहेबांनी वरचं एक वाचलं, खालची चार चाळली, आणि ४१ पत्रांना मिळून आवक नंबर एकच टाकला. चूक त्यांची नाही हो, मी घरी येऊन माझ्याकडच्या कॉप्या पाहिल्या तर नऊ पत्रांत "येथे गावाचे नाव लिहावे" एवढंच, गाव कोणी लिहिलंच नाही, आणि मधल्या परिच्छेदात "माझी मुलगी ११ वीत शिकते" हे सगळ्यांच्याच पत्रात, आमच्या भिला आबांच्यासुद्धा, ज्यांचं लग्नच झालेलं नाही.

मग नानांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, यामा तुन्हं काय शे?" (यात तुझं काय आहे?) मला आधी राग आला, कारण सगळं तर मीच लिहिलं होतं.

पण त्यांचं म्हणणं मला पटलं. नमुन्यात खरी वाटेल अशी माहिती भरून ठेवली की माणसाचा डोळा तिथून सरळ पुढे जातो, वाक्य पूर्ण दिसतंय ना, मग बदलायचं काय. रिकामी जागा दातात अडकलेल्या शेवेसारखी टोचली पाहिजे. म्हणून त्यांनी गावाचं नाव खालून उचलून पहिल्याच ओळीत आणलं, ते भरल्याशिवाय पुढचं वाक्य वाचताच येत नाही. मधला मुलीचा परिच्छेद तर पूर्ण उडवला, तिथे नुसत्या पाच रेघा. आणि रेघांजवळ "कारण लिहा" असं नाही लिहिलं, कारण म्हटलं की सगळे "गैरसोय होते" एवढंच लिहितात म्हणे. त्याऐवजी डाव्या बाजूला एक पट्टी सोडली, त्यात प्रश्न : गाडीमुळे शेवटचा उशीर झाला तो दिवस कोणता, घरातलं कोण होतं, मग त्यांनी काय केलं? पट्टीच्या कडेला तुटक रेघ, वर लिहिलेलं "भरून झाल्यावर फाडा". पट्टी लागलेलं पत्र दिसलं की मला लांबूनच कळायचं हे अजून भरलेलं नाही. ही आयडिया मला फार म्हणजे फारच आवडली.

मोबाईलवर पाठवायच्या फाईलचं त्यांचं वेगळं गणित आहे. मी आधी रिकाम्या जागा पिवळ्या केल्या होत्या, पण काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटवर पिवळा रंग फिकट राखाडी होतो, दिसतही नाही. नाना तिथे तीन वेळा ॲट द रेट टाकतात आणि अक्षर एवढं मोठं करतात की पानाची पार वाट लागते, मुद्दामच. छापायच्या आधी तेच चिन्ह फाइंडमध्ये टाकायचं, एकही सापडलं नाही तरच प्रिंट. मेल मर्जबद्दल (एकाच पत्रात यादीतली नावं कॉम्प्युटरनेच बसवणं) विचारलं तर म्हणाले नावं बदलून देतो की, पण ४१ नावांखाली एकच रडगाणं येईल.

दुसऱ्या वेळची पत्रं खरंच वेगळी झाली. एकीने तर सरळ अहिराणीतच लिहिलं, "पोर पयत जास तरी तास बुडी जास" (पोर पळत जाते तरी तास बुडतो), ते साहेबांनी मोठ्याने वाचलं आणि स्वतःच हसले. गाडीची वेळ अजून बदललेली नाही, पण यावेळी प्रत्येक पत्राला वेगळा आवक नंबर मिळाला.

आता कापलेला स्टार. एक तर पाच रेघा फार होतात, आमच्या एका काकूंनी त्यात कापसाचा भाव पण लिहून टाकला, तीन पुरे होत्या. दुसरं म्हणजे हातानेच लिहा हा नानांचा हट्ट. ज्यांना लिहिता येत नाही अशा सहा जणींची पत्रं माझ्या भाचीने लिहिली आणि ती सहाही परत जुळ्या बहिणींसारखी झाली, त्यावर नानांकडे उत्तर नव्हतं. आणि फाईल कृतिदेव फॉन्टमध्ये असते, मोबाईलवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्येच द्या म्हणून आधीच सांगा, कुरकुर करतात पण देतात.

माहिती अधिकाराचा अर्जही त्यांच्याकडे मिळतो, जोडपत्र अ, तिथे मात्र नमुना सरकारी, फार हलवता येत नाही. फक्त कालावधीची जागा ते कोरी ठेवतात, नाहीतर आधीच्या गिऱ्हाईकाच्या तारखा तुमच्या अर्जात जातात, मग तीस दिवस थांबून हातात भलत्याच वर्षाचे कागद. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प बाहेरून आणावं लागतं.

माझ्याकडून पानाचे ४० घेतले, नमुना बसवायचे वेगळे १००. जूनमध्ये जाऊ नका, उत्पन्नाच्या आणि नॉन क्रिमिलेअरच्या दाखल्यांवाली गर्दी असते. पेन घरून न्या, काउंटरवर दोरीला बांधलेलं आहे ते चालत नाही.