घरचं सिम गप्प, डेटा दुसऱ्याचा: आठ महिन्यांनंतर

गेल्या आठ महिन्यांत कामासाठी चारदा परदेशात जाणं झालं आणि चारही वेळा सोबत माझा रोजचाच फोन होता. पूर्वी मी उतरल्या उतरल्या तिथलं सिम घ्यायचे आणि आपलं काढून पाकिटात ठेवायचे. आता ते जमत नाही. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो, तो पाकिटात गेला की आपले हात बांधलेच. म्हणून घरचं सिम फोनमध्येच ठेवते, फक्त एसएमएस आणि अडीनडीच्या कॉलसाठी. डेटासाठी प्रवासी ई-सिम, म्हणजे वेगळं कार्ड न घालता, क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये टाकायचं सिम.

पहिल्या खेपेला ते ई-सिम 'पोचल्यावर टाकू' म्हणून तसंच ठेवलं. ते डाउनलोड करायलाच इंटरनेट लागतं, हे डोक्यातच आलं नाही. क्यूआर कोड फोनच्या मेलमध्ये आणि स्कॅन करायचा कॅमेराही त्याच फोनचा! शेवटी विमानतळाच्या वायफायवर लॅपटॉप उघडून, मांडीवर तोल सांभाळत तो कोड स्कॅन केला. मागे उभा असलेला माणूस कीवच करत असावा. कोडखालची लांबलचक अक्षरं हातानेही टाकता येतात, हे नंतर कळलं. आता निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवरच सगळं करते. आणि एक, परत येईपर्यंत ई-सिम डिलीट करू नका. बरेच कोड एकदाच चालतात.

खरा घोळ सेटिंगमध्ये आहे. सगळे सांगतात, डेटा रोमिंग, म्हणजे परक्या कंपनीच्या नेटवर्कवरून नेट वापरणं, बंद ठेवा. पण प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा भलत्याच देशातल्या कंपनीचं असतं, म्हणजे तेही तिथे पाहुणंच. त्याचं रोमिंग चालू हवं, घरच्या सिमचं बंद. दुसऱ्या प्रवासात नेट येईना म्हणून मी वैतागून दोन्हींचं चालू केलं. नेट आलं, मी खूश. दोन दिवसांनी रात्रीच्या बोटीत झोपले. किनारा सुटला तसं ई-सिमचं नेटवर्क गेलं, घरच्या सिमने मात्र बोटीवरचं, उपग्रहावरून चालणारं नेटवर्क पकडलं. फोनमध्ये 'डेटा स्विचिंग' नावाची सोय चालू होती. एका सिमला नेट नसेल तर दुसऱ्याचं वापरायची. फोनने इमानदारीत वापरलं आणि रात्रभर फोटोंचा बॅकअप घेतला. जमिनीवरची रोमिंग पॅक अशा नेटवर्कला सहसा लागू नसतात. सकाळी आलेला एसएमएस वाचून चहा गार झाला. चूक माझीच, पण ती सोय प्रवासात बंद करा असं कोणीतरी ठळक सांगायला हवं होतं. आता बोटीवर पाय ठेवला की सरळ एअरप्लेन मोड.

कॉलचंही असंच. न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे वळवलेला असेल तर तो आधी तुमच्याकडे परदेशात येतो, मग परत घरी जातो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. निघण्यापूर्वी ##००२# डायल केलं की सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात.

वेगाबद्दल तक्रार आहे. रोमिंगचा डेटा बहुधा आधी सिमच्या मूळ कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर, म्हणून नेटवर्कच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही व्हिडिओ कॉल अडखळतो. याच वळशाचा चीनमध्ये मात्र फायदा झाला: हॉटेलच्या वायफायवर तिथे अडवलेलं गूगल उघडेना, ई-सिमवर उघडलं.

युरोपीय संघातलंच सिम असेल तर १५ जून २०१७ पासून संघात घरच्याच दरात चालतं. स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि सीमेजवळ फोन आपणहून तिथलं नेटवर्क पकडतो. तिथे नेटवर्क हाताने निवडते. तुर्कस्तानात जास्त दिवस राहणार असाल तर बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवसच चालतो, पुढे नोंदणी करावी लागते. माझा मुक्काम आठवड्याचा, त्यामुळे तो त्रास वाचला.

चार्जरची काळजी मात्र उगाच केली. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, फक्त पिनेचा आकार बदलतो. बॅटरी मात्र दोन सिममुळे लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक हँडबॅगेत. चेक-इन सामानात ती नेऊ देत नाहीत.

पुढच्या महिन्यात पाचवी खेप आहे. यावेळी ई-सिम आत्ताच टाकून ठेवलंय, डेटा स्विचिंग बंद आहे आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर.